दोन गुण कापलेला निबंध

मुलांनो, डोळे मिटू नका, उघडेच ठेवा, कारण आपल्याला मोजायचं आहे. कल्पना करा, की तुम्ही चौथ्या मजल्यावर राहता. इमारतीला लिफ्ट नाही. जिना अरुंद, कठडा लोखंडी, आणि दर मजल्याला अठरा पायऱ्या. अठरा चोक? बरोबर, बहात्तर.

संध्याकाळचे सहा वाजलेत. तुम्ही दाराशी उभे आहात, कारण बाबांची पावलं तुम्हाला ओळखता येतात. पावलं वर येऊ लागतात आणि छत्तिसाव्या पायरीला थांबतात. तुम्ही कठड्यावरून वाकून बघता. बाबा एक पाय पायरीवर टेकवून बुटाची नाडी बांधतायत. खूप वेळ बांधतायत. मग ते वर येतात, हसतात, तुमच्या डोक्यावर टपली मारतात. तुम्ही त्यांच्या पायांकडे बघता, तर बुटांना नाडीच नाही.

आता सांगा, तुम्ही काय कराल? थांबा, लगेच हात वर करू नका. एका मुलीने काय केलं ते आधी ऐका.

तिला घरात टाचणी म्हणायचे. अंगाने बारीक, आणि बोलली की टोचायची, म्हणून. पाचवीत होती. तिचे बाबा काचा बसवायचे: घरांच्या खिडक्यांना, दुकानांच्या दर्शनी भागांना, शाळेत चेंडूने फुटलेल्या तावदानांना. खांद्याला पट्ट्याने अडकवलेली एक लाकडी चौकट आणि तिच्यात उभ्या लावलेल्या काचा, असं सामान घेऊन ते दिवसभर दुसऱ्यांचे जिने चढायचे. काच धरणाऱ्या माणसाचा हात दुखून चालत नाही. गेले तीन महिने त्यांचा डावा हात दुखत होता.

"अहो, उद्याचा नंबर लावलाय मी दवाखान्यात," आई म्हणायची. "या वेळी तरी जा."

"अगं, गॅस आहे, गॅस. डॉक्टरकडे गेलं की नसलेलं दुखणं सापडतं."

"मग सापडू दे की!"

"सापडलं की सांभाळावं लागतं. घरात आधीच एक टाचणी सांभाळतोय."

टाचणी हसायची नाही. "बाबा, गॅस जिन्यातच कसा होतो? जेवल्यावर का नाही होत?"

"जिन्याखालून गॅसची पाइपलाइन गेलीय," बाबा म्हणायचे, आणि विषय तिथेच मिटायचा.

आईने असा तीनदा नंबर लावला आणि तीनदा तो वाया गेला. बाबा आळशी नव्हते, घाबरलेले होते. त्यांचे वडील, म्हणजे टाचणीचे आजोबा, बेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी दाढी करता करता गेले होते. बाबांना आता एकेचाळिसावं चालू होतं. हा आकडा घरात कुणी उच्चारत नसे, पण टाचणीला वजाबाकी येत होती.

त्याच सुमारास तिच्या शाळेत मंडळ आलं.

पूर्ण नाव विभागीय हृदयहित वैद्यक मंडळ. हृदयविकाराच्या डॉक्टरांची ही संस्था. कोलेस्टेरॉल म्हणजे काय ते लोकांना शिकवायचं, म्हणजे हृदयाचे आजार मुळात होणारच नाहीत, असा तिचा हेतू. हेतू चांगलाच होता. हेतू लिहिलेला फलक तर फारच चांगला होता. तो उभा करायला दोन माणसं लागली, आणि फोटोत नीट येतोय ना हे बघायला सहा.

अध्यक्षांच्या कोटावर हृदयाच्या आकाराचा बिल्ला होता. त्याच्या खाली मागच्या वर्षीचा बिल्ला होता, आणि त्याच्या खाली त्याच्या मागच्या वर्षीचा. ते चाळीस मिनिटं बोलले. त्यांतली तीस मिनिटं मंडळाने किती शिबिरं घेतली, किती पत्रकं वाटली आणि किती ठराव एकमताने मंजूर केले, यावर. उरलेल्या दहा मिनिटांत त्यांनी मुलांना प्रश्न विचारला.

"कोलेस्टेरॉल म्हणजे काय, कोण सांगेल?"

कुणीच हात वर केला नाही.

"शाब्बास!" अध्यक्ष म्हणाले, कारण त्यांच्या कागदावर तसं लिहिलेलं होतं, आणि ते पुढच्या परिच्छेदाकडे वळले.

तरीही टाचणी शिकली. कशी, ते सांगतो. मंडळाने भिंतीवर काही चित्रं लावली होती. एका चित्रात रक्तवाहिनी कापून दाखवली होती. तिच्या आतल्या बाजूला पिवळं, मेणासारखं काहीतरी थरावर थर साचलं होतं आणि रक्ताला जायला फटीएवढी वाट उरली होती. दुसरं चित्र घाईघाईत उलटं लागलं होतं. ते उलटं आहे हे मंडळाच्या एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही. टाचणीने मान वाकडी करून ते वाचलं. शरीरात कोलेस्टेरॉल फार वाढलं, की काही जणांच्या अंगावर खुणा दिसतात, असं तिथे लिहिलं होतं. शेजारी एक डोळा काढला होता. पापणीवर, नाकाच्या बाजूला, पिवळे फुगीर डाग.

तो डोळा टाचणी रोज बघत होती. लहान असताना तिने बाबांना विचारलंही होतं, हे काय लागलंय म्हणून. बाबा म्हणाले होते, सोनं लागलंय, पुसू नकोस.

तिने हात वर केला. "असे डाग असले तर काय करायचं?"

"प्रश्न शेवटी, बाळ," मंडळाचे चिटणीस म्हणाले. शेवटी फोटो झाले. फोटोंनंतर अध्यक्षांना दुसऱ्या शाळेत जायचं होतं, तिथल्या फलकासाठी.

जाताना त्यांनी एक निबंध स्पर्धा जाहीर केली. विषय, 'हृदय जपू या'. निबंध मुलांनी स्वतः पाकिटात घालून पाकीट चिकटवायचं, शिक्षकांनी वाचायचं नाही; म्हणजे निकाल निःपक्षपाती लागेल.

"बाई, मग वाचणार कोण?" टाचणीने वर्गात विचारलं.

"डॉक्टर वाचणार. तिघं जण, आणि तिघंही हृदयाचेच."

"खरंच वाचतात?"

"वाचतील की. नाही तर मागवले कशाला असते?" बाई म्हणाल्या. त्या भल्या होत्या. भल्या माणसांना असं वाटतं.

टाचणीने त्या दिवशी बेत केला. बाबा डॉक्टरांकडे जात नाहीत ना, मग डॉक्टरांनाच बाबांकडे आणायचं. हृदयाचे तीन डॉक्टर एका जागी बसून तिचा कागद वाचणार होते. एवढं चांगलं जुळून आलेलं तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिने घोषवाक्य लिहिलं नाही, कागदाला रंगीत चौकट काढली नाही. तिने हे लिहिलं:

"माझे बाबा काचा बसवतात. आमच्या घराला बहात्तर पायऱ्या आहेत. आधी बाबा एका दमात चढायचे. तीन महिन्यांपासून ते मध्ये थांबतात. थांबले की बुटाची नाडी बांधतात. त्यांच्या बुटांना नाडी नाही. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं, असं ते आईला म्हणाले. मला नाही सांगितलं. ते थांबले की पाच मिनिटांनी तो माणूस उठून जातो. पुन्हा चढायला लागले की पुन्हा बसतो. दुखणं डाव्या हातातून करंगळीपर्यंत जातं. म्हणून बाबा आता काच उजव्या हाताने धरतात. कधी जबडा दुखतो. तेव्हा ते दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक चांगला दात काढला. बाबांच्या पापण्यांवर तुमच्या चित्रासारखे पिवळे डाग आहेत. माझे आजोबा बेचाळीस वर्षांचे असताना वारले. बाबा एकेचाळीस वर्षांचे आहेत. बाबा म्हणतात गॅस आहे. तुम्ही सगळे हृदयाचे डॉक्टर आहात, म्हणून तुम्हाला लिहिलं. आमचा पत्ता खाली दिला आहे. रविवारी बाबा दिवसभर घरी असतात. इतर दिवशी सहानंतर या. पायऱ्या हळू चढा."

आता आपण मंडळाच्या खोलीत जाऊ. खोली गार आहे, खुर्च्या फिरत्या आहेत. एकशे चाळीस निबंधांचा गठ्ठा मध्ये आहे आणि तीन परीक्षक भोवती. गुण द्यायची पद्धत मंडळानेच ठरवलेली: अक्षराला दहा, घोषवाक्याला दहा, मंडळाच्या कार्याच्या उल्लेखाला दहा, कल्पनाशक्तीला दहा, शास्त्रीय अचूकतेला दहा.

"हे ऐका," पहिला परीक्षक म्हणाला. "'पाच मिनिटांनी तो माणूस उठून जातो.' वा! काय उपमा आहे!"

"बघू?" दुसऱ्या परीक्षक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कागद घेतला, वाचला, आणि चष्मा काढून डोळे टिपले. "माझ्या तर अंगावर काटा आला. आणि शेवटी पत्ता दिलाय बघा. अगदी खऱ्या पत्रासारखं. हल्लीची मुलं काय प्रयोग करतात!"

"घोषवाक्य नाही पण."

"नाही. तिथे शून्य. मंडळाचा उल्लेख?"

"'तुम्ही सगळे हृदयाचे डॉक्टर आहात.' धरू या का? सहा देऊ."

तिसऱ्या परीक्षकाला सगळे प्राध्यापक म्हणत, कारण ते डॉक्टर होणाऱ्या मुलांना शिकवायचे. त्यांच्याकडे लाल पेन होतं. त्यांनी निबंध दोनदा वाचला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "मला यात काहीतरी गडबड दिसतेय."

चला, निदान एकाला तरी दिसली, असं तुम्हाला वाटलं ना? ऐका पुढे.

"चढताना छाती दाबल्यासारखी होणं, थांबल्यावर बरं वाटणं. डावा हात, करंगळी, जबडा. पापणीवर कोलेस्टेरॉलचे डाग. वडील लहान वयात गेलेले," प्राध्यापक बोटं मोजत म्हणाले. "एकही लक्षण सुटलेलं नाही. माझी शेवटच्या वर्षाची पोरं इतकं चोख सांगत नाहीत. दहा वर्षांची मुलगी कुठून सांगणार? हिच्या घरात कुणीतरी डॉक्टर आहे, आणि त्याने हे लिहून दिलंय."

"काच बसवणाऱ्याच्या घरात?"

"काच बसवणारा तरी खरा कशावरून? तोही निबंधातलाच." प्राध्यापकांनी लाल पेनाचं टोपण काढलं. "अचूकतेचे दोन गुण कापतो."

मुलांनो, हा भाग मी तुम्हाला सावकाश सांगतो, कारण मोठेपणी तुम्हालाही कोटावर बिल्ले लावायची संधी येईल. हे तिघे अडाणी नव्हते. त्यांनी प्रत्येक लक्षण ओळखलं. कुठलं कशाचं, ते नावासकट ओळखलं. या लक्षणांच्या मागे एक माणूस असतो आणि तो बहात्तर पायऱ्यांच्या मधोमध कठडा धरून उभा असतो, एवढंच त्यांना सुचलं नाही. खोटा वाटावा इतका खरा कागद त्यांच्या हातात होता, आणि त्यांनी त्याची शिक्षा तो लिहिणारीला केली. मग त्यांनी चहा मागवला.

पहिलं बक्षीस एका मुलाला मिळालं. त्याने कोलेस्टेरॉल हा शब्द सतरा वेळा आणि मंडळाचं नाव अकरा वेळा लिहिलं होतं. टाचणीला दुसरं.

तिकडे टाचणी वाट बघत होती. पहिल्या रविवारी तिने स्वतः होऊन जिना झाडला, चारही मजल्यांचा. ओळखीचं नसलेलं पाऊल वाजलं, की ती दार उघडून कठड्याशी जायची. एकदा वीजमापक बघणारा आला, एकदा खालच्यांचे पाहुणे चुकून वर आले. दुसऱ्या रविवारी कुणीच आलं नाही. तिसऱ्या रविवारी भाजी घेऊन वर येताना बाबा चौपन्नाव्या पायरीवर नुसते थांबले नाहीत, बसले. बसून त्यांनी स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघितले.

"काय शोधताय, बाबा?"

"काही नाही गं. काच घुसली की काय ते बघतोय."

सोमवारी मंडळाचं पत्र आलं. बाबांनी ते उभ्याने मोठ्यांदा वाचलं, दोनदा. "आपणांस द्वितीय क्रमांकाचे पारितोषिक प्रदान करण्यात येत आहे. बघा माझी टाचणी! डॉक्टरांच्या तोंडाला फेस आणला पोरीने!"

"बाबा, कुणी येणार आहे का आपल्याकडे, असं काही लिहिलंय?"

"कुणी कशाला येईल? आपण जायचंय. मी कामाला दांडी मारणार, आईपण मारणार."

टाचणीने स्वतःची समजूत घातली. त्यांनी वाचलंच नसणार. एकशे चाळीस कागद, तिघं माणसं. नुसतं अक्षर बघून दिलं असेल बक्षीस. वाचलं असतं तर आले असते.

समारंभाचं सभागृह तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली लिफ्ट होती, लिफ्टपाशी स्टूल टाकून लिफ्टवाला बसला होता, आणि त्याच्या शेजारी मंडळाचा बिल्ला लावलेली एक तरुण स्वयंसेविका उभी होती.

"लिफ्ट फक्त निमंत्रितांसाठी," ती म्हणाली.

आईने पत्र दाखवलं. "आम्हाला निमंत्रणच आहे."

"हे बक्षीसवाल्यांचं पत्र आहे, काकू. निमंत्रित वेगळे. तुमच्यासाठी जिना. जिन्यात तर उपक्रमच आहे आमचा!"

उपक्रम असा होता, की प्रत्येक पायरीवर कागद चिकटवला होता. 'एक पायरी, एक पाऊल आरोग्याकडे.' 'शाब्बास, आणखी दहा!' 'लिफ्ट टाळा, हृदय सांभाळा.' लिफ्टमधून त्या वेळी पाच डॉक्टर वर जात होते.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाबा थांबले. नाडीचं नाटकही त्यांना सुचलं नाही. त्यांनी भिंतीला पाठ लावली आणि तोंड उघडून श्वास घेऊ लागले. त्यांच्या डोक्याच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'थांबू नका!'

"काका, जरा बाजूला होता का?" मागून आलेली स्वयंसेविका म्हणाली. "फलक झाकला जातोय."

"त्यांना बरं वाटत नाहीये," आई म्हणाली.

"वर पाण्याची सोय आहे, काकू."

वर पोहोचायला त्यांना बारा मिनिटं लागली. बाबा तिसऱ्या रांगेत बसले. चेहरा ओल्या सिमेंटसारखा झाला होता, आणि कपाळावर, गार हवेतही, घाम होता. "अहो, चला घरी," आई कुजबुजली. "बक्षीस घेऊ दे गं पोरीला," बाबा म्हणाले. "मग जाऊ."

व्यासपीठावर आधी मंडळाने मंडळाचे सत्कार केले. अध्यक्षांनी चिटणिसांना गुच्छ दिला, चिटणिसांनी अध्यक्षांना. गुच्छ तेवढेच होते, देणारे बदलत होते. मग पहिलं बक्षीस झालं, आणि मग टाचणीचं नाव पुकारलं गेलं. प्राध्यापकांनी तिच्या हातात जाड, सोनेरी किनारीचं प्रशस्तिपत्र ठेवलं. त्यावर निबंधाचा कागद टाचलेला होता. टाचणीने तो बघितला. समासात लाल शाईने लिहिलं होतं: 'लक्षणांचे वर्णन अत्यंत अचूक. मोठ्यांची मदत घेतल्याचा संशय. वजा दोन.'

तिने ते तीनदा वाचलं. म्हणजे त्यांनी वाचलं होतं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं, आणि आले नव्हते.

"दोन ओळी वाचून दाखव, बाळ," अध्यक्ष ध्वनिक्षेपक तिच्या तोंडाशी धरत म्हणाले.

टाचणीने दोन ओळी वाचल्या नाहीत, सगळा वाचला. नाडीपाशी लोक हसले. दातापाशी जोरात हसले. तिसऱ्या रांगेत बाबा आधी कौतुकाने हसत होते. मग त्यांनी स्वतःच्या बुटांकडे बघितलं, आणि मग आईकडे. आई रडत होती.

"किती सुंदर कल्पना!" अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या.

"कल्पना नाहीये," टाचणी म्हणाली. "ते बघा बाबा. तिसऱ्या रांगेत."

सगळ्या माना वळल्या. बाबा ओशाळून उठले, हात जोडले. "काही नाही हो," ते म्हणाले. "गॅस आहे." सभागृहात हशा पिकला. हसण्यात भर म्हणून बाबाही हसले, आणि खुर्चीची पाठ धरून खाली बसले. बसले म्हणजे कोसळायचे तेवढे राहिले.

"बाबांना मंगळवारी माझ्या दवाखान्यात घेऊन ये हं," अध्यक्ष म्हणाले. "आधी नंबर लावायचा. चला, आता फोटो!"

टाचणीने प्रशस्तिपत्र काखेत धरलं आणि प्राध्यापकांचा हात पकडला. मनगट नाही, चार बोटं. बाजारात लहान मूल धरतं तशी. फोटो काढणारा म्हणाला, "छान, छान, इकडे बघा!" प्राध्यापक हसले. मुलीने ओढलं, तसे ते हसतहसत पायऱ्या उतरले, कारण फोटो काढणारा मागून येत होता आणि असा फोटो मंडळाच्या अहवालात पहिल्या पानावर शोभला असता. एक रांग ओलांडली, दुसरी ओलांडली. तिसऱ्या रांगेत टाचणीने त्यांची बोटं बाबांच्या मनगटावर नेऊन ठेवली आणि वरून स्वतःचा हात दाबून धरला.

"आता बघा," ती म्हणाली.

प्राध्यापकांचं हसू तोंडावर अजून तसंच होतं, पण बोटं तीस वर्षं हेच काम करत आली होती, त्यांना राहवलं नाही. नाडी अडखळत होती. कातडी थंड आणि ओली होती. हसू हळूहळू विरलं. त्यांनी खाली वाकून बाबांचा चेहरा बघितला आणि मग पापण्या. नाकाच्या बाजूला, पिवळे, फुगीर डाग.

"कधीपासून होतंय हे?" त्यांनी विचारलं. आवाज निराळाच होता.

"लिहिलंय," टाचणी म्हणाली.

प्राध्यापकांनी मान खाली घातली. मग ते ओरडले, "रुग्णवाहिका बोलवा! आणि ॲस्पिरिनची गोळी कुणाकडे आहे? लवकर!"

त्या सभागृहात चौसष्ट हृदयविकारतज्ज्ञ होते. चौसष्ट जणांनी खिसे चाचपले. मंडळाने दिलेल्या पिशव्या उपड्या केल्या. पेन निघालं, वही निघाली, हृदयाच्या आकाराची किल्ल्यांची साखळी निघाली, अध्यक्षांच्या भाषणाची छापील प्रत निघाली. गोळी एकाकडेही नव्हती.

"मित्रहो, कृपया जागेवर बसा," अध्यक्ष व्यासपीठावरून सांगत होते. "कार्यक्रम सुरू राहील. उत्तेजनार्थ बक्षिसं बाकी आहेत."

पाहुण्यांना सोडायला वर आलेला लिफ्टवाला आरडाओरडा ऐकून दारातून आत आला. "माझ्याकडे आहे," तो म्हणाला आणि शर्टच्या वरच्या खिशातून एक चुरगळलेली पट्टी काढली. "मला दोन वर्षांपूर्वी झटका आला होता. तेव्हापासून खिशातच असते. चावून खायची ना, साहेब? गिळायची नाही."

"बरोबर," प्राध्यापक म्हणाले. या वेळी त्यांनी कुणाच्या अचूकतेवर संशय घेतला नाही. त्यांनी बाबांच्या तोंडात गोळी घातली, कॉलर सैल केली, आईला पाठीमागून आधार द्यायला सांगितलं.

"काका, तुम्ही मला खालूनच लिफ्टने वर आणलं असतं ना," बाबा लिफ्टवाल्याला पुटपुटत म्हणाले, "तर एवढी गर्दी झाली नसती."

"बोलू नका हो तुम्ही!" आई आणि प्राध्यापक एकदमच म्हणाले.

"गाडी निघालीय, दहा मिनिटांत पोहोचतेय," कुणीतरी ओरडलं. भोवती सगळे वाकून उभे राहिले, चौसष्ट कोट, चौसष्ट बिल्ले, आणि वारा यायला जागा राहिली नाही. "मागे व्हा, हवा येऊ द्या," प्राध्यापक म्हणत होते. जो तो दुसऱ्याकडे बघत होता.

टाचणी दोन कोटांच्या मधून आत घुसली. तिने काखेतलं प्रशस्तिपत्र काढलं, दोन्ही हातांनी त्याच्या सोनेरी कडा घट्ट धरल्या आणि बाबांच्या तोंडावर वारा घालायला सुरुवात केली. कागद जाड होता, वारा चांगला लागत होता. गाडी येईपर्यंत तिने हात थांबवला नाही.